दाराआड काय आहे, सांगा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, आमच्या भाऊजींना, सगळा भाग चावीकाका म्हणून ओळखतो. बस थांब्यामागच्या इमारतीत जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते त्यांच्या समाधानासाठी. आत गेलेल्या माणसाला वळायचं असलं तर आधी बाहेर यावं लागे. एक फळी, चावी कापायचं यंत्र, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या आणि पायाशी पत्र्याचा एक खोका. लोकांच्या दारांची काढलेली जुनी कुलपं त्या खोक्यात पडायची. ती मोडीत घालायचं भाऊजींच्या जिवावर यायचं. कधी एखाद्याची स्प्रिंग दुसऱ्याला लागेल म्हणून ते सगळी सांभाळून ठेवत, अधूनमधून काढून पुसत. ताई म्हणायची, एवढ्या मायेनं माझ्याकडे कधी बघितलं नाहीत.

मी कोर्टात कारकून आहे, नक्कल विभागात. निकालाची प्रत काढायची, मूळ कागदाशी ताडून बघायची, खाली शिक्का मारून सही ठोकायची. बावीस वर्षं दुसऱ्यांची भांडणं वाचून माणसाची जीभ जशी होते तशी माझी झाली आहे. तेव्हा भाऊजींबद्दल मी गोडगोड लिहीन अशी अपेक्षा ठेवू नका. माणूस चांगला आहे. पण स्वतःच्या चांगुलपणाचं त्यांना जरा जास्तच कौतुक होतं. 'सव्वीस वर्षांत एक तक्रार नाही' हे वाक्य त्यांच्या घरी जेवायला बसलं की भाताबरोबर वाढलंच जायचं. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, तक्रार करणारे दाराच्या आत आहेत की बाहेर, ते तरी बघा." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बंद दार उघडून देणं हा धंदा तसा चोरीच्या अगदी शेजारचा. हत्यारं तीच, कसब तेच. बोलावणारा कोण, एवढाच काय तो फरक. म्हणून त्याला पोलिसांचा परवाना लागतो, आणि परवान्याची अट अशी की दार उघडण्याआधी माणसाचं ओळखपत्र बघायचं आणि वहीत त्याची सही घ्यायची. भाऊजी हे सगळं करायचे, पण नाक मुरडून. ते म्हणायचे, "ओळखपत्रावर माणसाचा फोटो असतो. घराचा कुठे असतो?" त्यांनी स्वतःची वेगळी रीत काढली होती. दारापुढे गुडघ्यावर बसायचं, हत्यारांची पिशवी बंदच ठेवायची, आणि विचारायचं, "दाराआड काय आहे, सांगा." उजव्या हाताला काय, डाव्या हाताला काय, समोर काय दिसेल. मग दार उघडायचं आणि ताडून बघायचं. जुळलं तर माणूस आत जाणार. जुळलं नाही तर तिथल्या तिथे दार ओढून घ्यायचं.

या प्रश्नावर दोनदा माणसं जिना उतरून पळून गेली होती. ते किस्से भाऊजी रंगवून सांगत. एका प्राध्यापकाचा किस्सा मात्र ताई सांगायची. त्या बिचाऱ्याला स्वतःच्या दाराआड काय आहे ते एक अक्षर सांगता येईना. चपलांचं कपाट उजवीकडे की डावीकडे, पडदा हिरवा की निळा, काहीच ठाऊक नाही. भाऊजींनी त्याला बायको कामावरून परत येईपर्यंत पायरीवर बसवून ठेवलं, स्वतःही शेजारी बसले. बायको आली, तिनं चावी काढली आणि नवऱ्याला म्हणाली, बरं झालं, आता तरी घराकडे बघशील.

भाऊजींचं लहानपण भाड्याच्या खोल्यांत गेलेलं. दर अकरा महिन्यांनी गाठोडी बांधायची आणि पुढच्या खोलीत. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रेघ मारायची नाही, घरमालक ओरडेल. त्यामुळे असेल, पण त्यांची ठाम समजूत होती की ज्याला घर आठवतं, घर त्याचं असतं. कायदा असं म्हणत नाही, हे मी त्यांना सांगून थकलो. आठवण वेगळी, हक्क वेगळा. ते म्हणायचे, "तुझ्या कोर्टाला कागद कळतात, मला माणसं कळतात."

गेल्या वर्षी एका दुपारी पंचेचाळिशीचा एक गृहस्थ दुकानापुढे उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदपत्रांची बॅग, चेहऱ्यावर दमणूक. आई दवाखान्यात आहे म्हणाला. तिचा चष्मा आणि चार कपडे न्यायचेत, आणि नेमकी घराची चावी बसमध्ये पडली. "कॉलेजात असल्यापासून तीच चावी वापरतोय हो काका, आणि आजच हरवायची होती." भाऊजींनी ओळखपत्र बघितलं, त्यावरचा पत्ता त्यानं सांगितलेल्या इमारतीचाच होता. पिशवी उचलली आणि त्याच्याबरोबर गेले.

तिसरा मजला. भाऊजी दारापुढे गुडघ्यावर बसले आणि पहिल्याच नजरेत त्यांना दिसलं की कुलूप नवं आहे. पितळेला अजून कारखान्याचं तेल होतं. स्क्रूंच्या खाचा कोऱ्या होत्या. भोवतीच्या रंगात आधीच्या मोठ्या कुलपाची चौकट उमटलेली होती, आणि तिथलं लाकूड अजून पिवळं पडलेलं नव्हतं. फार तर दोन महिने झाले असतील. दोन महिन्यांच्या कुलपाची चावी कॉलेजात असल्यापासून वापरता येत नाही. तुमच्याआमच्या नजरेला हे दिसलं नसतं. त्यांना ते न दिसणं शक्य नव्हतं.

पण त्यांनी पाठ केलेला प्रश्न विचारला. दाराआड काय आहे, सांगा.

तो गृहस्थ एक क्षणही थांबला नाही. उजवीकडे आईचं शिवणयंत्र, त्यावर रेडिओ, रेडिओचं एक बटण नाही. डावीकडे खुंटीला वडिलांची छत्री. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, आई ती काढू देत नाही. समोर स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, त्याच्या उंचीच्या. दर वाढदिवसाला आई मारायची. सगळ्यात वरची सोळाव्या वर्षाची, पुढे त्यानंच मारू दिली नाही. हे सांगताना त्याचा आवाज चिरकला. भाऊजींनी मान वर करून बघितलं नाही, पण हात पिशवीत गेला.

दार उघडलं. शिवणयंत्र होतं, बटण नसलेला रेडिओ होता, छत्री होती. तो गृहस्थ सरळ चौकटीपाशी गेला आणि रेघांवरून बोट फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "काका, कुलूपच बदलून टाका. हरवलेली चावी कुणाच्या हाती लागली तर काय घ्या?" मागणं रास्त होतं. भाऊजींनी पितळेचं कुलूप काढलं, दुसरं बसवलं, तीन चाव्या त्याच्या हातात दिल्या. काढलेलं कुलूप त्यानं नको म्हटलं, ते भाऊजींनी पिशवीत टाकलं. वहीत सही घेतली. जिना उतरताना त्यांच्या मनात आलं की यानं ना चष्मा शोधला, ना कपडे. आईच्या खुर्चीत बसून कुणाला तरी फोन लावत होता. घेईल नंतर, असं म्हणून ते दुकानात आले आणि कामाला लागले.

अकरा दिवसांनी एक म्हातारी बाई काठी टेकत दुकानापाशी आली. तिला त्या भागात शिवणबाई म्हणत. निम्म्या गल्लीचे कपडे तिनं शिवलेले. हाताला सलाईनच्या सुईचा काळानिळा डाग. तिनं एक चावी फळीवर ठेवली.

"दवाखान्यातून येतेय. हात थरथरतो म्हणून की काय, चावी आत जातच नाही. जरा घासून देता का?"

भाऊजींनी चावी उचलली. पितळेच्या नव्या कुलपाची नवी चावी. चावीचे दाते बघून ते कुलूप सांगतात, त्यात बढाई काही नाही. ते खाली वाकले, खोक्यातून ते कुलूप काढलं, फळीवर ठेवलं आणि चावी घालून फिरवली. ती सहज फिरली.

"हे माझ्या दाराचं," शिवणबाई म्हणाली. "तुमच्याकडे कसं?"

कुलूप बघून आलेली शंका सोडून त्यांनी बाकी सगळं सांगितलं. ती काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. मधेच एकदा विचारलं, "त्यानं रेघा सांगितल्या?"

"सांगितल्या."

"खऱ्या आहेत. मीच मारल्यात." तिनं कुलपातली चावी काढून घेतली. "त्याला त्या घरातली एकूण एक गोष्ट पाठ आहे. घर विकून काय येईल तेही. माझी सही घ्यायला तीनदा कागद घेऊन आला होता. म्हणून तर मी कुलूप बदललं, आणि त्याला चावी दिली नाही."

भाऊजी दुकान तसंच उघडं टाकून तिच्याबरोबर गेले. दारावर नवी पाटी लागली होती. साखळी न काढता सुनेनं फटीतून सांगितलं की सासूबाई आपण होऊन भाचीकडे राहायला गेल्यात, घर त्यांनीच आम्हाला दिलंय, आता दवाखान्यातून आल्यात म्हणून डोक्यात काहीबाही येत असेल. आतून रेडिओ ऐकू येत होता. पोलिस ठाण्यात हवालदार म्हणाला, आई-मुलाची घरगुती भानगड आहे, कोर्टात जा. शिवणबाई त्या दिवसापासून भाचीकडे राहू लागली. भाचीच्या घरात जागा कुठली? मोरीशेजारच्या बोळात एक खाट टाकली, तिच्या पायथ्याशी धुण्याच्या बादल्या.

दावा आमच्याच कोर्टात लागला. शिवणबाईचं म्हणणं, मला माझ्या घरातून काढलं. मुलाचं म्हणणं, मी पहिल्यापासून तिथेच राहतो, माझ्याकडे चावी होती, ती हरवली, म्हणून भर दिवसा परवानेवाला माणूस बोलावून मी माझंच दार उघडलं. लपूनछपून काही केलं असतं तर वहीत सही दिली असती का? सगळा दावा एका मुद्द्यावर येऊन ठेपला होता: त्या दाराची चावी मुलाकडे कधी होती की नव्हती. पितळेचं कुलूप शिवणबाईनं दारावरून जाणाऱ्या एका फिरत्या चावीवाल्याकडून बसवून घेतलं होतं. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. भाऊजींच्या खोक्यातलं कुलूप दाखवलं, तर मुलाचे वकील म्हणाले, याची एक चावी आमच्याकडेही होतीच, तीच तर हरवली. कुलूप नवं होतं आणि मुलगा जुन्या चावीची गोष्ट सांगत होता, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्या माणसाला मुलाच्या वकिलांनी आपला साक्षीदार म्हणून बोलावलं. त्याच सुमारास पोलिसांनी भाऊजींच्या परवान्याची चौकशी उघडली आणि कोर्ट काय म्हणतंय ते बघू म्हणून बाजूला ठेवली.

समन्स आलं त्या संध्याकाळी ताईनं मला बोलावून घेतलं. तिच्या हाताला चव राहिली नव्हती, आमटीत मीठच नव्हतं, आणि आम्ही तिघं तशीच जेवत होतो.

मी भाऊजींना समजावलं. कायद्यात 'सद्भावनेने' असा एक शब्द आहे. मी तो हजार वेळा तरी उतरवून काढला असेल. सद्भावनेनं केलेल्या कामाला कायदा पाठीशी घालतो. गंमत अशी की त्या शब्दाचा अर्थ सगळीकडे एक नाही. एका कायद्यात म्हटलंय, माणसाचं मन साफ असलं की पुरे, हातून हलगर्जी झाली तरी चालेल. दुसऱ्यात म्हटलंय, नुसतं मन साफ असून भागायचं नाही, घ्यायची ती काळजी घेतलेली हवी.

"तुम्ही दोन्हींत बसता," मी म्हटलं. "मन साफ होतंच. आणि प्रश्न विचारलात, ओळखपत्र बघितलंत, सही घेतलीत. याच्यापेक्षा जास्त काळजी कोण घेतो?"

भाऊजी ताटात बोट फिरवत होते. "आणि ज्याला शंका आली, आणि त्यानं ती गिळली, तो कुठे बसतो?"

"तो कुठेच बसत नाही. पण तुमचा काय संबंध?"

तेव्हा त्यांनी पितळेच्या कुलपाचं सांगितलं. तेल, स्क्रूच्या खाचा, कोरं लाकूड, कॉलेजातली चावी. ताई ताटावरून उठली आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली.

"हे कुणाला बोललात?" मी विचारलं.

"तुलाच."

"मग माझ्यापाशीच राहू द्या. विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायचं. खात्री केलीत का? केली. पटली का? पटली. बास. यात खोटं काय आहे?"

"अहो, ऐका त्याचं," ताई पाठमोरीच म्हणाली. "परवाना गेला तर या वयात करणार काय तुम्ही?"

मी बावीस वर्षं कोर्टात आहे. साक्षीदाराला पढवणं म्हणजे काय ते मला शिकवायची गरज नाही. तरी बोललो. बहिणीचं घर वाचावं एवढंच माझ्या मनात होतं, आणि मन साफ होतं असं मला अजूनही वाटतं. हे लिहिताना लाज वाटते ती वाटतेच.

तारखा पडत गेल्या. आठ महिने गेले. शिवणबाई दर तारखेला सकाळीच येऊन नक्कल विभागासमोरच्या बाकावर बसायची, कारण तिथे पंख्याचा वारा येतो. मी चावीकाकांचा मेहुणा आहे हे तिला माहीत नव्हतं. दुपारी दार उघडून ती हळूच विचारायची, "आजची पण पुढे गेली का हो?" मी हो म्हणून मान हलवायचो. एकदा तिचं लक्ष माझ्या बाहीकडे गेलं. बटण दोऱ्यावर लोंबत होतं. तिनं पिशवीतून सुई-दोरा काढला, मला हात पुढे करायला लावला आणि शर्ट अंगावर असतानाच बटण शिवून दिलं. डोळ्यांना चष्मा नव्हता, तो त्या घरात राहिला होता. सुई बोटांनी चाचपत होती, पण मला एकदाही टोचली नाही. एवढ्या जवळ उभ्या असलेल्या बाईला एक वाक्य सांगितलं असतं तर तिचं काम झालं असतं. मी थँक्यू म्हटलं आणि टेबलाकडे गेलो.

साक्षीच्या दिवशी भाऊजी धुतलेला शर्ट घालून आले. मी काम टाकून कोर्टाच्या दाराशी उभा राहिलो. ताई आलीच नाही. मुलाच्या वकिलांनी गोड आवाजात सुरुवात केली. परवाना किती वर्षांचा? सव्वीस. एकही तक्रार? नाही. हे सांगताना भाऊजींचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. दार उघडण्याआधी खात्री केलीत? केली. कशी केलीत, ते कोर्टाला सांगा. भाऊजींनी रीत सांगितली, प्रश्न सांगितला, उत्तर सांगितलं. पेन्सिलीच्या रेघांपाशी आल्यावर मुलानं मान खाली घातली. शिवणबाई सरळ समोर बघत होती.

"म्हणजे हा गृहस्थ त्या घरातलाच आहे, अशी तुमची खात्री पटली," वकील म्हणाले. हा प्रश्नही नव्हता. हो म्हणून उतरायचं होतं.

भाऊजींनी शिवणबाईकडे बघितलं. वकिलांनी पुन्हा विचारलं.

"दारापुढे बसलो तेव्हा नव्हती पटली," भाऊजी म्हणाले. "नंतर मी ती पटवून घेतली."

वकिलांनी प्रश्न आवरता घेतला आणि बसायला निघाले. न्यायाधीश बाईंनी लिहिणं थांबवलं. "म्हणजे काय? नीट सांगा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कुलूप दोन महिन्यांचं होतं, आणि हा माणूस वीस-पंचवीस वर्षांच्या चावीची गोष्ट करत होता. अशी चावी असूच शकत नाही. शिवणबाईनं आणलेली आणि त्या कुलपाला बसणारी चावीही तितकीच नवी होती.

"हे तुमच्या तेव्हाच लक्षात आलं होतं?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग त्याला विचारलं का नाही?"

भाऊजींनी कठडा धरला होता. "विचारलं असतं तर त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. ते खोटं निघालं असतं, आणि मला पिशवी उचलून परत जावं लागलं असतं. त्या रेघा ऐकल्यावर मला परत जायचं नव्हतं. माझ्या प्रश्नाला एवढं चांगलं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं, बाई. मला वाटलं, माझा प्रश्न कधी चुकत नाही. कुलूप चुकत असेल."

मला एकदम कळलं की मी इतकी वर्षं ज्याची थट्टा करत आलो, तो त्यांचा गर्वच त्यांनी तिथे कठड्यावर काढून ठेवला होता. मला माझ्या सल्ल्याची आठवण झाली आणि मी दारातून मागे सरलो.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. घराचा ताबा शिवणबाईला. शेवटी भाऊजींबद्दल चार ओळी होत्या. साक्षीदार खरं बोलला म्हणून कोर्टानं त्याची साक्ष मानली. परंतु ज्याला शंका आली आणि जो ती विचारण्याचं टाळतो, त्याची कृती सद्भावनेची म्हणता येत नाही. निकालाची एक प्रत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावी. ती प्रत काढायचं काम माझ्याच टेबलावर आलं. मी दुसऱ्या कुणाला देऊ शकलो असतो. दिलं नाही. एकेक ओळ मूळ कागदाशी ताडून बघितली, एक काना राहिला होता तो घातला, शिक्का मारला, सही केली.

परवाना पुढच्या महिन्यात गेला. ताई माझ्याशी बोलते, पण जेवायला बोलावत नाही. तिला वाटतं मी जास्त जोर लावायला हवा होता. भाऊजी आता एका गोदामाच्या फाटकावर बसतात. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात. तिथल्या कुलपाची चावी मालक स्वतःकडे ठेवतो.

पण परवाना जायच्या आधी ताब्याचा दिवस आला. मुलगा आणि सून आदल्या दिवशीच सामान घेऊन निघून गेली होती, दार लावून, चाव्या न देता. कोर्टाचा बेलीफ चावीवाल्याकडून दार उघडून घेणार, कुलूप बदलून घेणार. भाऊजी सकाळीच दाढी करून, हत्यारांची पिशवी घेऊन निघाले. नवं कुलूप स्वतः निवडलं होतं, दुकानातलं सगळ्यात चांगलं. मीही गेलो, कारण मला त्यांना एकटं सोडायचं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर शिवणबाई, तिची भाची आणि बेलीफ उभे होते. भाऊजी वर चढले, पिशवी खाली ठेवली आणि दारापुढे गुडघे टेकायला लागले.

"तुम्ही नको," शिवणबाई म्हणाली.

ते तसेच अर्धवट वाकलेले राहिले. "मी काही घेणार नाही बाई. नुसतं बसवून देतो."

"तुम्ही माझ्यासाठी खरं बोललात. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण माझ्या दाराला हात लावू नका." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मला रोज आत झोपायचंय."

बेलीफानं फोन करून दुसरा चावीवाला बोलावला. आम्ही खालच्या वळणावर पायरीवर बसून राहिलो. मी दोनदा चला म्हटलं, ते उठले नाहीत. वरून आधी दार उघडल्याचा आवाज आला, मग शिवणबाई आत चालत गेल्याचा, काठीचा. मग दाराशी स्क्रू बसवायचं यंत्र फिरायला लागलं. भाऊजी मान तिरकी करून ऐकत होते.

"स्क्रू वाकडा घालतोय," ते म्हणाले. "वर्षभरात ढिला पडेल."

"वर जाऊन सांगू का त्याला?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली. थोड्या वेळानं तो दुसरा चावीवाला आमच्या अंगावरून उतरून गेला, बेलीफ गेला, भाची गेली. वर दार बंद झालं. आतून चावी फिरली, आणि मग पुन्हा एकदा, दुसरा फेरा. तेव्हा भाऊजी उठले, पिशवी माझ्या हातात दिली आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.